दारातून न निघणारं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. जेवणाचं, सागवानी, चौदा माणसांचं. माझा जन्म याच खोलीत झाला आणि या खोलीचा उंबरठा मी आजवर ओलांडलेला नाही. त्यात माझा दोष नाही. सुतारकाकांनी फळ्या इथेच आणल्या, इथेच रंधा मारला, इथेच पाय जोडले. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या एका टोकाला बोटाने टिचकी मारली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि म्हणाले, "एकजीव झालंय बघा!" मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काही इथून बाहेर निघायचं नाही," ते म्हणाले.

"बाहेर न्यायचंय कुणाला?" मालकीणबाई हसल्या. तेव्हा त्या या घरात नव्यानेच सून म्हणून आल्या होत्या आणि घर माणसांनी भरलेलं होतं.

माझ्यावर काय काय झालं नाही! मुलांनी कंपासच्या टोकाने नावं कोरली. शिवणाचं कापड बेतलं गेलं. कुणीतरी गरम पातेलं तसंच टेकवलं, त्याचा गोल चट्टा अजून माझ्या पोटावर आहे. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "असं टेबल आता मिळत नाही हो." मला फार बरं वाटायचं.

मग मुलं मोठी झाली, लांब गेली. घरात उरल्या एकट्या मालकीणबाई. एका माणसाने चौदा जणांच्या टेबलावर काय जेवायचं? त्या ओट्याशी स्टुलावर बसून जेवू लागल्या. माझ्या वाट्याला आली एक जुनी चादर, रद्दी आणि कांद्यांची टोपली.

शेवटी त्यांनी ठरवलं, की घर सुट्टीसाठी कुटुंबांना भाड्याने द्यायचं. अख्खं घर, अंगण, मागचा पोहण्याचा हौद, सगळंच. सल्ला द्यायला एक तरतरीत गृहस्थ आले. त्यांनी माझ्यावरची चादर उचलली आणि नाक मुरडलं.

"लोकांना हॉटेलसारखं लागतं, बाई. चार छोटी टेबलं टाका. हे धूड काढा."

"दारातून निघत नाही ते."

"मग कापा!"

मालकीणबाई बराच वेळ माझ्या चट्ट्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारी सुताराला बोलावते."

मित्रांनो, माझे चारही पाय गारठले.

शुक्रवारी पहिलं कुटुंब आलं. तेरा माणसं, दोन गाड्या. थोरल्या सूनबाई आधी स्वयंपाकघरात शिरल्या, कुकरची शिटी तपासली आणि मालकीणबाईंना विचारलं, "इथे ओरडलं तर चालेल ना?"

"भांडता की काय तुम्ही?"

"छे हो! सासऱ्यांना ऐकू येत नाही. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली, त्यात कान गेले. कानात घालायचं मशीन आहे, पण ते म्हणतात नुसती खरखर येते. ते चष्म्याच्या डबीत असतं. हॉटेलात आम्हाला चार-चार करून बसवतात, मग आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर ओरडतो आणि मॅनेजर हात जोडत येतो. गेल्या वर्षी तर सासरे म्हणाले, माझं ताट खोलीतच पाठवा. तीन दिवस एकटे भिंतीकडे तोंड करून जेवले. म्हणून या वेळी अख्खं घरच घेतलं."

माझ्यावरची टोपली, रद्दी, चादर सगळं गेलं. ओलं फडकं फिरलं. तेराही जण बसले आणि ओरडाओरड सुरू झाली. आजोबांना ओरडून सांगायचं मुख्य काम त्यांच्या आठ वर्षांच्या नातीचं, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. पण सगळेच एकदम बोलत, आणि आजोबा नुसते हसत.

"बाबा, भाजीत मीठ कमी आहे का?"

"छान, छान."

"बाबा, शर्टावर रस्सा सांडलाय!"

"छान, छान."

शनिवारी दुपारपर्यंत भोंग्याचा घसा बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागारागाने तिने माझ्यावर मूठ आपटली. टक, टक.

दुसऱ्या टोकाला आजोबांचा तळहात माझ्यावर टेकलेला होता. त्यांचा घास थांबला.

"कोण ठोकतंय?" ते म्हणाले. "थांबा, सांगू नका. खिडकीकडून तिसरं. भोंगा!"

चाळीस वर्षं ज्या तळहाताने यंत्रांची दुखणी ओळखली, त्याला माझी थरथर कळणार नाही होय? मग एकेकाने ठोकून पाहिलं. आजोबा डोळे मिटून सांगत गेले.

"हा धाकटा. हात आळशी आहे. ही सूनबाई, अंगठीसकट. आणि हे जावईबापू, घाबरत घाबरत ठोकतायत."

हसून हसून माझ्यावरची भांडी वाजायला लागली. मग खुणा ठरल्या. एकदा ठोकलं, म्हणजे माझ्याकडे बघा. दोनदा, म्हणजे वाढा. तीनदा, म्हणजे विनोद येतोय. ज्याने ठोकलं त्यानेच बोलायचं, हळू, आजोबांना ओठ दिसतील असं. त्या दिवशी आजोबा ताटावरून दोन तास उठले नाहीत.

सोमवारी सकाळी सुतारकाका करवत घेऊन आले आणि माझ्यावर कापायची रेघ मारू लागले. तेच, आता पिकलेले. आजोबांनी करवत पाहिली आणि दोन्ही हात माझ्यावर पसरून उभे राहिले.

"बाई," ते मालकीणबाईंना म्हणाले, "हे कापलंत, तर माझा उरलेला कान कापलात."

मालकीणबाई गोंधळल्या. भोंग्याने त्यांना हाताला धरून माझ्या दुसऱ्या टोकाशी बसवलं. "ठोका ना, आजी."

त्यांनी हळूच ठोकलं. आजोबांनी डोळे मिटले.

"हा हात नवा आहे," ते म्हणाले. "याने बऱ्याच दिवसांत कुणाला हाक मारलेली दिसत नाही."

मालकीणबाई उठल्या. नाक ओढत त्यांनी सल्लागारांना फोन लावला. "टेबल राहणार. फारच अडचण झाली तर भिंत पाडू!"

सुतारकाकांनी करवत पिशवीत घातली. "म्हणूनच तर मी दाराचं माप घेतलं नव्हतं."

"गप्प बसा. विसरला होतात तुम्ही!" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि जेवल्याशिवाय जायचं नाही." चौदावी खुर्ची त्यांनी स्वतःसाठी ओढली. सुतारकाकांना स्टूल मिळालं.

आता जाहिरातीत हौदाच्या आधी माझं नाव येतं. गेल्या महिन्यात ते सल्लागारही घरची अकरा माणसं घेऊन आले आणि माझ्यावर दोनदा ठोकून भात मागत होते!

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. गरम पातेल्याखाली काहीतरी ठेवा. सांडलेलं लगेच पुसा. आणि घरातलं काही मोठं, जुनं, अडचणीचं वाटलं, तर करवत आणण्याआधी सगळे मिळून एकदा त्याच्याभोवती जेवायला बसा.

बरं, आता थांबावं लागेल. आजोबांसकट तेराही माणसं यंदा पुन्हा आली आहेत. टक, टक, टक.

तीनदा. विनोद येतोय. तयार राहा!