पाणी दाखवणारा फिका फलक

मित्रांनो, कामशेतच्या पुढे एका लहान धरणाखाली, नदीवरच्या, पाणी वाढले की बुडणाऱ्या फरशीपुलाच्या तोंडाशी मी उभा आहे. मी पाण्याचा फलक. धरणातून आज किती पाणी सोडले, हे माझ्यावर रोज बदलून लावलेल्या उभ्या पट्टीवरून कळते. आता माझा पत्रा गंजला आहे.

मला हर्षदाने कामशेतच्या दुकानात रंगवले. फिकी पिवळी पट्टी म्हणजे वाट मोकळी, फिकी केशरी म्हणजे धोका. ती पाटबंधारे खात्याच्या साहेबांना म्हणालीही, "साहेब, दोन्ही रंग सारखेच वाटतात. धोक्याचा गडद करू का?"

"नको. भडक दिसेल. फोटो छान आला पाहिजे."

उद्घाटनाला माझे फार कौतुक झाले.

गंगीमावशीचे भातशेत नदीपलीकडे. तिला माणूस दिसे, पण चेहरा दिसत नसे. ती रोज मला नाक लावून बघे. येणारे-जाणारे हसत, "मावशी, बोर्डाचा मुका घेती काय?" त्या हसण्याची मला शिसारी येई.

श्रावणात एका सकाळी धरणावरच्या अमृतने केशरी पट्टी लावली. मावशीने नाक लावून पाहिले आणि ती फरशीवर उतरली. मध्यावर लोंढा आला. अमृतने धावत जाऊन दोर टाकला, म्हणून ती वाचली. पाय मात्र मोडला.

काही दिवसांनी साहेब आले. "फलक होता ना? न बघता गेली, त्याला आम्ही काय करणार?"

माझ्या पायथ्याशी प्लास्टरमधला पाय पसरून बसलेली मावशी म्हणाली, "बगितला की सायेब! पिवळा काय न् केशरी काय, मला दोनी ताकावानी दिसत्यात. मला काय दिसतं, ते तुमी इचारलंच न्हाई."

 साहेबांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. किळस आली मला. लोखंडाला ओकता येत नाही, एवढेच.

पुढे हर्षदा आपणहून रंग घेऊन आली. मावशीला लांब बसवून ती विचारत राहिली, "हे दिसतं? आणि हे?" मोकळ्या वाटेला पांढऱ्यावर काळी जाड पट्टी दिसली. धोक्याला तिरप्या रेघा आणि हाताएवढी अक्षरे दिसली. चाचपून कळावे म्हणून तिने धोक्याच्या पट्टीला उठावाची कडही ठोकली.

परवा लोणावळ्याला आलेले पर्यटक गाडी फरशीवर घालत होते. मावशी काठी आडवी धरून ओरडली, "आरं, डोळं हायेत ना? रेघा बगा! मागं फिरा!" गाडी फिरली. थोड्याच वेळात फरशी पाण्याखाली गेली.

मित्रांनो, शाळेत तुम्हीही माझ्यासारखा फलक किंवा आलेख काढाल. तो सुंदर झाला म्हणून टाळ्या घेऊ नका. ज्याला कमी दिसते, त्याला आधी समोर बसवा. तो "दिसलं" म्हणेपर्यंत ब्रश खाली ठेवू नका.