वर्णनाची जागा

बाईंनी कंगव्याचं चित्र पुन्हा वर धरलं.

"नीट बघा. कं... कं..."

खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान चित्राकडे एकटक बघत राहिले. उजवा हात मांडीवर निपचित होता. डावा उचलून त्यांनी आपल्या विरळ केसांवरून फिरवला. ओठ जुळले, सुटले.

"ते... अगं, ते नाही का..."

"नाव सांगा. नाव!"

त्यांनी बाईंच्या हातातून चित्र घेतलं, मांडीवर पालथं घातलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून हे असं चाललं होतं. त्यांना समजत सगळं होतं. वर्तमानपत्रातली चूक अजूनही पहिल्या नजरेत दिसत होती. फक्त नावं ऐन वेळी दगा द्यायची. किल्ली, चमचा, सख्खा भाऊ, कशाचंच, कुणाचंच नाव जिभेवर येत नव्हतं. लग्नापासून बाईंना ते ज्या लाडक्या नावाने हाक मारत, तेही गेलं होतं. 'अगं' तेवढं उरलं होतं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं, नावासाठी हटून बसू नका, त्यांना नुसतं बोलतं ठेवा. पण बाईंनी उभा जन्म शाळेत भाषा शिकवली होती. नावापासून सुरुवात करायची नाही, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

दाराची बेल वाजली. बाहेर एक तरुण मुलगी उभी होती. काखेत हेल्मेट, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"सर आहेत का? मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून आले."

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. ऑफिसातली मंडळी एकदा फुलं घेऊन येऊन गेली होती, त्यानंतर कुणी फिरकलं नव्हतं.

"काहीतरी काम निघालं असेल."

"हो, कामच आहे, काकू," मुलगी म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. "खोटं कशाला सांगू."

या उत्तराने बाईंचा राग अर्धा तिथेच उतरला. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

मुलीने यजमानांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. शहरभरच्या पाण्याच्या लाईनी आणि व्हॉल्व, कुठला कधी उघडायचा, कधी बंद करायचा, याची सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये होती, तो यांनीच उभा केला होता. आता ती माहिती नव्या यंत्रणेत न्यायची होती, आणि नवी यंत्रणा व्हॉल्व आपोआप बंद करणार होती.

"डेटाबेसात प्रत्येक टेबलाला, म्हणजे माहितीच्या तक्त्याला, आणि त्यातल्या प्रत्येक कॉलमला वर्णनाची एक जागा असते," मुलीने बाईंना समजावलं. "हा कॉलम कशासाठी ठेवलाय, ते तिथे लिहायचं. मी क्वेरी चालवून सगळी वर्णनं बाहेर काढली. हे बघा काय आलं."

पडद्याच्या डाव्या बाजूला आखूड, तुटकी नावं होती. उजवी बाजू बरीचशी कोरी.

टेबलं बाईंना नवी नव्हती. लग्न नवं असताना हे रात्री जेवताना "आज तीन टेबलं केली" असं सांगत, आणि सासूबाई शेजारणीपाशी कौतुक करत, आमचा मुलगा एवढा शिकला तरी सुतारकाम सोडलं नाही म्हणून.

"लिहून ठेवा, लिहून ठेवा, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते," बाई म्हणाल्या. "तर म्हणे, माझ्या डोक्यात आहे."

ते शाळेतल्या पोरासारखे ओशाळले. बाईंना आपलं बोलणं लगेच लागलं. मुलीला पाणी द्यायच्या निमित्ताने त्या तिच्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, यांना नावं आठवत नाहीत. उगीच चिडतात, मग दिवसभर गप्प."

"नावं माझ्याकडे आहेत, काकू," मुलगी तितक्याच हळू म्हणाली. "नावांचा काहीच उपयोग होत नाहीये."

मग तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "सर, हा कॉलम. टी, के. हा काय करतो?"

ते पुढे सरकले.

"तिथं... पाणी... उशिरा. सगळ्यांना मिळतं, मग... मग तिथं. बारीक धार."

"लाईनीच्या शेवटाला?"

"हां! टोक." आपल्या तोंडून शब्द पडला याचं त्यांनाच नवल वाटलं. "टोक. त्यांना... जास्त वेळ... द्यायचा."

मुलीने टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं. "लाईनीच्या टोकाची घरं. पाणी उशिरा पोचतं, म्हणून वेळ वाढवून देणे." त्यांनी मान डोलावली.

असे कॉलममागून कॉलम निघाले. मुलगी विचारायची आणि थांबायची. ते अडखळले की बाईंचे ओठ आपोआप उघडायचे, पण मुलगी इतकी निवांत बसलेली असे की बाईंना मधे तोंड घालायची लाज वाटू लागली. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आता हा डी," मुलगी म्हणाली. "याचं विशेष नाही, सर. हा काढूनच टाकायचा ठरलाय. मोजक्याच व्हॉल्वपुढे खूण आहे. सगळे म्हणाले, कुणीतरी तपासणीसाठी केला असेल आणि राहून गेला असेल."

"नाही!"

इतका मोठा आवाज त्या घराने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"नाही, नाही. काढू... नको. आधी... बंद करायच्या आधी..." त्यांनी खुर्चीच्या हातावर दुमडलेली बोटं आपटली. ठक ठक. "दार. जायचं. सांगायचं."

"कुणाला, सर?"

ते धडपडू लागले. कपाळावर घाम आला. डावा हात उजव्या दंडावर गेला, तिथून हवेत एक गोल फिरला. "घरात... मशीन. माणूस झोपून. रक्त... काढतात... धुतात... परत..."

शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी खालचा ओठ दातांखाली दाबून धरला.

"डायलिसिस?" मुलगी म्हणाली. "घरी डायलिसिस चालतं, ती घरं?"

"हां." ते मागे टेकले. डोळे भरून आले होते. "पाणी... मधेच... गेलं, तर..."

"कळलं, सर." मुलीचा चेहरा उतरला होता. ती बराच वेळ टाइप करत राहिली, मग वाचलं. "या लाईनीवर घरी डायलिसिस चालतं. व्हॉल्व बंद करण्याआधी त्या घरी कळवणे."

"फोन... नाही."

"समक्ष जाऊन कळवणे. बरोबर?"

"बरोबर."

कित्येक संध्याकाळी हे उशिरा घरी येत, "एका घरी जाऊन आलो" एवढंच सांगत. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला कसली आलीत लोकांची घरं, असं मनाशी म्हणत बाई ताट वाढून देत आणि बाजूला बसत. यांनीही कधी जास्त सांगितलं नाही, आणि आपणही कधी विचारलं नाही. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच नळ सोडून हात धूत राहिल्या.

"अजून टेबलं उरलीत," निघताना मुलगी दारात म्हणाली. "उद्या आले तर चालेल?"

"ये," ते आतून म्हणाले. बाईंच्या आधी.

तिच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला. बाईंनी चित्रांचा गठ्ठा उचलून कपाटात टाकला आणि मुलगी बसली होती त्या स्टुलावर येऊन बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आणि ही? ही काय करते?"

त्यांनी बाईंकडे सावकाश पाहून घेतलं.

"ही... रात्री... पांघरूण ओढते. माझं."

"इश्श! मी?"

"मग... जाग आली की... परत घालते. अंगावर." ते गालातल्या गालात हसले. "तिला वाटतं... मी झोपलोय."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. बाई शांत होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं.

"आणि... हा?"

"तुम्ही?"

"काय... करतो?"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. एवढी वर्षं फळ्यासमोर उभं राहून त्यांना शब्द कधी शोधावा लागला नव्हता.

"हा," त्या म्हणाल्या, "हा..."

त्यांनी मान किंचित कलती केली, आणि कितीही वेळ लागला तरी चालेल अशा चेहऱ्याने बाईंकडे बघत राहिले.