भिंगरीच्या शेजारची जागा

मी एक जुना बाक आहे. दोघांना पुरेल एवढाच. सुताराने मला घडवताना माझा एक पाय जरा आखूड ठेवला आणि "मुलं काय, घेतील सांभाळून" म्हणून हात झटकले. मुलांनी खरंच सांभाळून घेतलं. कुणी माझ्यावर कर्कटकाने नाव कोरलं, कुणी डबा सांडला, कुणी भर तासाला डुलकी काढली. मित्रांनो, मी कधी कुरकुर केली नाही. केली असेल ती फक्त खिळ्यांनी.

मग तिसरीच्या वर्गात भिंगरी आली. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून मुलांनीच तिचं हे नाव पाडलं. घंटा झाली की ती कान झाकून किंचाळायची आणि हाताला येईल ते भिरकावायची. वर्गाच्या बाई एकट्या, त्या तरी कुठे कुठे पुरणार? भिंगरीच्या आईने शाळेचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे मदतनीस ताई आल्या आणि माझ्यावर तिच्या शेजारी बसल्या.

ताईंची रीत साधी होती. घंटेच्या जरा आधी त्या हळूच म्हणायच्या, "आता घंटा होईल हं. धर बाकाला." भिंगरी माझी कड घट्ट धरायची. घंटा व्हायची, संपायची. तिच्या तळव्यांना घाम फुटलेला असायचा, पण ती बसून राहायची. हळूहळू ती बेरजा करू लागली, पलीकडच्या मुलीला खोडरबर देऊ लागली. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

आणि तिथेच घात झाला. मुख्याध्यापिका एकदा वर्गात आल्या आणि तिला शांत बसलेली पाहून खूश झाल्या. "छान सुधारली की! आता ताईंना दुसऱ्या वर्गात पाठवू."

हे कळताच आई धावत आली. "मॅडम, ती ताईंमुळे बसते हो. चष्मा लावून दिसायला लागलं, म्हणून चष्मा काढून घेतो का आपण?"

"अहो, तिकडेही मुलं अडलीत. आणि हिला आता सवय झालीय," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे ताई एकच होत्या.

ताई गेल्या. त्यानंतरची घंटा कुणी न सांगताच झाली. भिंगरीने शेजारी पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. तिने माझी कड धरली आणि किंचाळत मला उलथून टाकलं. मी नेमका त्या पलीकडच्या मुलीच्या पायावर पडलो. दोघी रडत होत्या. लाकडाला रडता येत असतं, तर मीही रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गातच पालक जमले, आवाज चढले. मॅडम भिंगरीच्या आईला म्हणाल्या, "तुम्ही हिच्यासाठी दुसरी शाळा बघा."

आई म्हणाली, "शांत बसली तेव्हा मदतीची गरज नाही म्हणालात. आता चिडली तर जागा नाही म्हणता. मग माझ्या पोरीने मदत मागायची तरी कधी?"

आई भिंगरीचा हात धरून निघून गेली. मला व्हरांड्यात आणून टाकलं, ते आजतागायत मी इथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादी भिंगरी असेल. तिला नाव ठेवण्याआधी तिच्या शेजारी बसा. आणि ती शांत झाली, हसू लागली, की उठून जाऊ नका. तेव्हा तर मुळीच जाऊ नका.