सुकडीचा अंगठा

पुंजारामनं चांगुणाचा अंगठा घेतला तो सुकडीच्या नावाखाली, एवढं आधी ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्या अंगठ्यापायी झालं.

साल बहात्तर, दुष्काळाचं. खर्ड्याच्या पल्याड हिवरवाडीत सरकारनं तलावाचं काम काढलं. मजुरी सरकारची आणि जमीन गावानं द्यायची, असं ठरलं. गावाच्या वतीनं पुढारी कोण? दुसरं कोण असणार, सरपंच पुंजाराम! खिशाला दोन पेनं, ओढ्याकाठी मोसंबीची बाग, आणि सही अशी वळणदार की मामलेदारानं बघत राहावं. या बाबानं आपली बाग अलगद वगळली आणि जमीन दिली विधवा चांगुणाची, दोन एकर काळीभोर.

दिली कशी ते ऐका. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे दुष्काळातलं सरकारी भरड्याचं खाणं, वाटत होते. चांगुणा रांगेत उभी होती. पुंजारामनं घडी घातलेला कागद पुढं केला. "सुकडीचा हाय. लाव अंगठा." पोटात दोन दिवसांची आग, बाईनं लावला. आठवड्यानं तिच्या रानात चुन्याची फक्की पडली तेव्हा कळलं, अंगठा दानपत्रावर उठला होता.

ती तडक त्याच्या ओट्यावर गेली. तो चारचौघांत हसला. "चांगुणे, पोटाला सुकडी मिळाली न्हवं? मग झालं की!"

त्या हसण्यानं तिची तळपायाची आग मस्तकात गेली. 'मेल्या, तुज्या अंगठ्याला शाई लावल्याबिगर मरायची न्हाई,' असं तिनं मनाशी घोकलं. मग आपल्याच रानाची माती पाटीत भरून तिनं तलावाच्या बांधावर टाकली, रोज, चार महिने. बायांना सावली नव्हती तर ओव्हरसियर विष्णुपंतांशी भांडून छप्पर घालून घेतलं. तान्ह्या पोरांना पाजायला सुट्टी मिळवली. बाया तिलाच मुकादम म्हणू लागल्या.

बांध पुरा झाला. विष्णुपंत पारावर कागद घेऊन बसले. "तलाव आता गावाच्या ताब्यात. अध्यक्ष कोण? निम्म्याहून जास्त मजुरांचे अंगठे हवेत."

अध्यक्ष व्हायला पुंजाराम कडक इस्त्रीत हजर होता. शाईची डबी त्यानंच आणलेली. पहिली आली कडूबाई. तिनं अंगठा मुठीत दाबला.

"लाव की!" पुंजाराम म्हणाला.

"न्हाई लावत. चांगुणाचा सुकडीला म्हनून घेतला, माजा कशाला घ्याल काय ठावं?"

तिच्यामागं रतनबाईनं मूठ वळली, साळूबाईनं वळली. बघता बघता साठ बायांच्या मुठी! विष्णुपंतांनी विचारलं तसं बायांनी सगळं भडाभडा ओकून टाकलं. बांध काही आता उकरता येत नव्हता. पण अध्यक्षाच्या जागी चांगुणाचं नाव लिहिलं गेलं, आणि मग अंगठ्यांना जागा पुरेना. पुंजारामचं तोंड एवढंसं झालं.

पाऊस झाला, तलाव भरला. पण पुढच्या उन्हाळ्यात पुंजारामची विहीर आटली, मोसंबी माना टाकू लागली. तलावावर इंजिन बसवायचं तर अध्यक्षाची परवानगी हवी. आला गडी चांगुणाच्या दारात, टोपी हातात घेऊन.

"चांगुणाबाई, बाग जळाली वो."

तिनं घडी घातलेला कागद पुढं केला, शेजारी शाईची डबी ठेवली. ओसरीवर कडूबाई, रतनबाई बसल्याच होत्या.

"वाचू द्या की."

"सुकडीचा हाय. लावा अंगठा."

"मला सही येती, बाई."

"ठावं हाय. अंगठाच."

गड्याला घाम फुटला. बागेकडं बघितलं, बायांकडं बघितलं, आणि अंगठा टेकवला. चांगुणानं तिथल्या तिथं इंजिनाला परवानगी दिली.

जाता जाता तो उंबऱ्याशी घुटमळला. "त्यात काय लिवलंय, तेवढं तरी सांगा."

"बागंला पानी मिळालं न्हवं? मग झालं की!"

कागद तिनं पेटीत ठेवून दिला. तो कोरा होता. पण हे पुंजारामला अजूनपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.