रत्नम्माची गूळतुला

आडतीतून आणलेल्या तराजूच्या एका पारड्यात रत्नम्मा मांडी घालून बसली होती आणि दुसऱ्यात ईरप्पा हमाल गुळाची दहा किलोची सातवी ढेप ठेवत होता. ढेप टेकली, तशी रत्नम्मा हातभर वर उचलली गेली. तिनं साखळी घट्ट धरली.

"झालं! सात ढेपा," तिचा नवरा चन्नवीर म्हणाला. "वाटा आता."

"झालं कसं?" पुजाऱ्यांनी हात आडवा केला. "नवस बोललात तेव्हा सूनबाई एकशे दहा किलोच्या होत्या. देवाला अकरा ढेपा पाहिजेत."

"आज हाय तेवढीच तोलायची की! आधीचं कशाला उकरून काढता?"

देवळात जमलेल्या बायकांत खसखस पिकली. आतडी आखूड करून माणूस बारीक करतात, हे शहात्तर साली सोलापुरात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. परदेशात शिकून आलेल्या मुंबईच्या एका डॉक्टरनं ते केलं आणि दहा महिन्यांत रत्नम्मा चाळीस-पंचेचाळीस किलोंनी उतरली. बायका तिच्या दंडाला हात लावून बघायच्या, 'नशीब काढलंस बाई' म्हणायच्या. कसलं आलंय नशीब! दिवसातून सात-आठ वेळा परसाकडं पळायचं, केस मूठमूठ गळायचे. तेही तिनं सोसलं असतं. पण तिचं कशातच मन लागेना. पूर्वी लग्नघरात तिचं पाऊल पडलं की लोक म्हणायचे, आता घर भरलं. परवा भाच्याच्या लग्नात सख्ख्या मावशीनं तिला विचारलं, "तुमी कुनाकडच्या?"

नवऱ्याला सांगून बघितलं, तर तो वैतागला.

"जाड होतीस तवा रडायचीस, आता बारीक झालीस तरी रडतीस. तुला पाहिजे तरी काय?"

ते तिलाही सांगता येत नव्हतं, म्हणून ती जास्तच चिडायची. डॉक्टरनं कागदावर 'प्रकृती उत्तम' लिहून दिलं होतं आणि चन्नवीर तो कागद येईल त्याला दाखवायचा. कालसुद्धा ती त्याला म्हणाली होती, "मला नका बसवू तराजूत. देवापुढं खोटं बसल्यागत वाटतंय." तो म्हणाला, आवतणं गेलीत.

आणि आता दोघे पुरुष तिच्या डोक्यावरून भांडत होते. सात, अकरा. अकरा, सात. साखळीभोवतीची तिची मूठ पांढरीफटक पडली.

शेवटी पुजारी खांबाला टेकून बसलेल्या तिच्या सासूकडं वळले. "काशम्मा, नवस तुमचा. नेमकं काय मागितलं होतंत, तुम्हीच सांगा."

काशम्मा गुडघ्यावर हात रोवून उठली.

"बारीक कर, आसं म्या मागितलंच न्हाई. म्हनले, माजी सून सुखात ऱ्हाऊ दे, तिच्या वजनाइतका गूळ वाटीन."

"मग तेच की, अव्वा," चन्नवीर म्हणाला.

"तुला कोन इचारतंय?" म्हातारी पारड्याजवळ आली. "रत्ना, तू सांग. हायेस का सुखात?"

सासूच्या पाठीमागून चन्नवीर जोरजोरानं मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. रत्नम्माच्या ओठांवर 'हो' आलंसुद्धा होतं. दहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगत आली होती.

"न्हाई, अव्वा," ती म्हणाली. "आजिबात न्हाई." आणि चारचौघांत, पारड्यात बसल्या बसल्या, तिला रडू कोसळलं.

काशम्मानं तिला गप्प केलं नाही. ती हमालाकडं वळली.

"ईरप्पा, ढेपा गाडीत घाल."

"अव्वा, येड लागलं काय? देवाचा गूळ माघारी नेतात व्हय? लोक काय म्हनतील?"

"नवस फिटलाय कुटं?"

ईरप्पानं एकदा मालकाकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं, आणि एक ढेप उचलली. रत्नम्माचं पारडं खाली आलं. काशम्मानं तिला उतरायला हात दिला, तो हातात तसाच धरून ठेवला आणि गाभाऱ्याकडं तोंड करून देवाला म्हणाली,

"तू जरा थांब."