पैलवानाला वाकवले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पादचारी आहे, पण आजवर एकही रस्ता चाललेलो नाही. मी संगणकात राहतो. गाडी माणसाला धडकली तर त्याचे काय होते, हे कुणालाही इजा न होता कळावे, म्हणून इंजिनिअर मंडळींनी मला धिप्पाड माणसाच्या मापाने घडवले. धडक खाऊन मी पुढच्या चाचणीला पुन्हा ठणठणीत उभा राहतो. म्हणून सगळे मला 'पैलवान' म्हणत, आणि मीही जरा शेफारलो होतो.

मग उंच नाकाची, रुबाबदार नवी गाडी आली. प्रत्येक धडकेत माझे डोके बॉनेटच्या नरम पत्र्यावर पडले आणि पडद्यावर हिरवा रंग आला.

"पैलवान पास, गाडी पास. कारखान्याला कळवून टाका," साहेब म्हणाले.

तेवढ्यात माझी देखभाल करणारी ताई खिडकीपासून मागे वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, माझी आई आत्ता रस्ता ओलांडत होती. एक गाडी करकचून ब्रेक लावून थांबली, म्हणून वाचली. बॉनेटची कडा अगदी तिच्या कपाळासमोर होती. आपण या पैलवानाला कायम ताठच उभं केलंय."

"मग? माणसं ताठच चालतात."

"माझी आई नाही चालत."

आई आत आली. बुटकी, पाठीत वाकलेली. ताईने टेप काढून तिची उंची घेतली, पाठीचा बाक मोजला.

"कोट शिवतेस की काय माझा?" आई हसली.

ताईने मला त्या मापाचे केले. उभ्या आयुष्यात मी प्रथमच वाकलो. गाडी आली, नेहमीच्याच वेगाने. तिची कडक कडा थेट माझ्या डोक्यात बसली. पडदा लालभडक झाला. मला दुखत नाही, तरी मी पुरता हादरलो. माझ्या भरवशावर किती गाड्या रस्त्यावर गेल्या असतील!

साहेबांनी चाचणी पुन्हा घ्यायला लावली. पुन्हा लाल.

"हे कोण गं?" आईने पडद्याकडे बघत विचारले.

साहेबांनी फोन उचलला. "गाडी थांबवा. पुढचा भाग बदलावा लागेल." मग ते आईकडे वळले. "काकू, चला, मी तुम्हाला रस्ता ओलांडून देतो."

मित्रांनो, सगळेच पैलवान नसतात. वाकून चालणारे कुणी समोर आले, तर गाडी थांबवा, त्यांना पलीकडे जाऊ द्या. ते पोहोचले की नाही, हे मला इथून दिसत नाही. तुम्हाला दिसते.