दुसरी कॉइल

रंगनाथांनी मुलाची गिटार पलंगावर उताणी ठेवली, तारा सैल केल्या आणि तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळच्या, आवाज पकडणाऱ्या पिकअपचे स्क्रू काढून बशीत टाकले. घड्याळात दोन वाजले होते. अभिनव तारांचा नवा संच आणायला कर्वे रस्त्याला गेला होता, साडेतीनपर्यंत येतो म्हणाला होता. तेवढा वेळ त्यांना भरपूर होता.

गेली तीन वर्षं विश्रांतवाडीच्या या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडून येणारी या गिटारची घूंऽऽ त्यांनी सहन केली होती. खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं कॉइली गुंडाळण्यात आणि तपासण्यात गेलेल्या माणसाला ती ऐकत जेवायला बसणं म्हणजे शिक्षाच. आज संध्याकाळी सहाला एका मोठ्या महोत्सवाची माणसं अभिनवच्या बँडची दोन गाणी ऐकणार होती. या वेळी निवड झाली नाही, तर गिटार माळ्यावर टाकून पुन्हा नोकरी धरेन, असं त्यानेच कबूल केलं होतं. महिन्यापूर्वी रंगनाथांना याचा आनंद झाला होता. पण कालपासून तो मावळला होता. पोरगा हरून घरी आलेला त्यांना बघायचा नव्हता, आणि असल्या घूंघूंला कोण निवडणार?

पिकअप उलटा करताच त्यांना सगळं समजलं. शेजारीशेजारी दोन कॉइली, एकमेकींच्या उलट लावलेल्या. त्यामुळे बाहेरून आलेली घूं दोघींत उलटसुलट उमटून आपोआप मिटते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. ज्याने हे शोधलं त्याला रंगनाथांनी मनातल्या मनात नमस्कार केला. इथे मात्र दोघींना जोडणारी तार निसटून खालच्या पत्र्याला टेकली होती. एक कॉइल राबत होती आणि दुसरी नुसती बसून होती. मीटर आठ किलो-ओहम दाखवायच्या ऐवजी चारच दाखवत होता.

त्यांनी तार उचलली, तिला चिकटपट्टी गुंडाळली, पुन्हा मोजलं. आठ. मग सगळं जागेवर बसवून फडक्याने गिटार पुसली. खालच्या कडेला लाकडाला चांगली बोटभर खोक पडलेली होती. या पोराला वस्तू सांभाळता येत नाहीत, असं त्यांना वाटलं.

ॲम्प लावून त्यांनी तारा पिळल्या आणि एक छेडली. घूं नव्हती. ब्रिजजवळचा आवाज एरवी सुईसारखा टोचायचा, आता त्याला अंग आलं होतं. तो जाड, भरदार, घरंदाज झाला होता.

त्यांची बायको हेमाताई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्याला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? बिघडलेली होती."

त्या गिटारकडे एकदा बघून आत गेल्या, ते रंगनाथांना आवडलं नाही.

अभिनव पावणेचारला आला. सव्वाचारला निघायचं होतं. उभ्याउभ्याच त्याने नव्या तारा चढवल्या, गाण्याची सुरुवात वाजवली आणि थांबला. एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, वायर काढून पुन्हा खोचली. पुन्हा वाजवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाबा, हिला हात लावलात?"

रंगनाथांनी सांगितलं. कॉइल, पत्रा, चार आणि आठ, सगळं खुलवून सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला, कारण समोरचा चेहरा खुलत नव्हता. शेवटी अभिनवने हळू आवाजात समजावलं की बँडमध्ये गाणाऱ्या स्वरालीचा गळा खालचा आहे. हा जाड आवाज तिच्या आवाजावर जाऊन बसतो. मग ना ती ऐकू येत, ना गिटार. दोन्ही गाणी त्या बारीक आवाजावरच बांधलेली आहेत.

मग त्याने विचारलं, "मुद्दाम केलंत?"

रंगनाथांना भयंकर लागलं. पण ज्या माणसाने तीन वर्षं नोकरीचाच धोशा लावला होता, त्याला हे विचारणं चूक म्हणता येत नव्हतं.

"मी नीट केली," ते म्हणाले.

"ती बिघडली कधी, माहितीये तुम्हाला?" अभिनव घड्याळाकडे बघत होता. "मी राजीनामा दिला त्या रात्री. तुम्ही फेकलीत तेव्हा."

गिटार ज्यावर आपटली होती तो लोखंडी कपाटाचा कोपरा रंगनाथांच्या डोळ्यांसमोर आला. मघाशी फडक्याखाली लागलेली खोक त्यांच्या बोटांना पुन्हा जाणवली. लाजेने त्यांचे कान तापले. सकाळ झाल्यावर त्या रात्रीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि कुणी काढत नाही म्हणजे विषय संपला, असं ते समजून चालले होते.

त्यांनी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

चौतीस वर्षांत असा नग टेबलावर आला, तर लाल खडूने फुली मारून ते बाजूला टाकायचे. आज त्यांनी चिकटपट्टी सोडवली आणि तार पत्र्यावर दाबून धरली. आधी ती नुसती टेकलेली होती. ऐन गाण्यात कधीही सुटली असती. उजव्या हाताने त्यांनी आयर्न टेकवलं. सोल्डरचा थेंब पसरला, चमकला आणि थिजला.

"हलणार नाही ना?" अभिनवने विचारलं.

"नाही. आता नाही हलणार."

मीटरवर चार आले. स्क्रू बसले. ॲम्प लावताच घूंऽऽ खोलीभर पसरली. अभिनवने सुरुवात वाजवली, आणि आवाज थेट टोचत गेला. रंगनाथ प्रथमच भिंतीच्या या बाजूला बसून तो ऐकत होते.

"कडेला लागली होती ना?" त्यांनी विचारलं. "मी कधी विचारलं नाही."

"विचारलं असतंत, तर तेव्हाच नीट केली असतीत."

अभिनव हसला नाही, पण रागावलेलाही दिसत नव्हता. त्याने गिटार पिशवीत घालून पाठीला लावली आणि ॲम्पच्या एका बाजूला हात घातला.

"जड आहे. तिकडून धरता?"

"लिफ्टपर्यंत?"

"नाही," अभिनव म्हणाला. "हॉलपर्यंत. तिथे जिनेच आहेत."

रंगनाथांनी घाईघाईने चपला चढवल्या. सोल्डरिंग आयर्न बंद करायचं राहिलं, ते हेमाताईंनी केलं.